मेंढीच्या नावावर

१७ एप्रिल

प्रयोगाच्या वहीत शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून ही दुसरी वही.

मशीन आलं. अक्कलकोट रोडच्या खड्ड्यांतून ते प्रयोगशाळेपर्यंत पोहोचेतो माझा जीव टांगणीला लागला होता. दारातून आत जाईना, तेव्हा चौकट फोडावी लागली. संस्थेने वर पाटी लावली आहे, ‘वस्तुमान वर्णपटमापी कक्ष’. वॉचमनने ती तीनदा वाचायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. इथे सगळे नुसतं ‘मशीन’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

काम सांगायला सोपं आहे. रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, मशीनने एकेका तुकड्याचं वजन करायचं आणि वजनावरून तो कोणत्या प्रथिनाचा ते ओळखायचं. मला तपासायचंय ते यंत्रमाग कामगारांचं रक्त. टॉवेल-चादरींच्या कारखान्यात वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत जाते आणि खोकला सुरू होईपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्याच्या आधी रक्तात काही दिसतं का, एवढाच प्रश्न. ‘माणूस आजारी पडायच्या आधी त्याचं रक्त बोलू लागतं’ हे वाक्य मी इतक्या अर्जांत लिहिलंय की आता ते कुणा दुसऱ्याचंच वाटतं.

जर्मनीतली नोकरी सोडून सोलापूरला निघाले तेव्हा तिथले सहकारी म्हणाले, वेड लागलंय हिला. बघू कुणाला लागलंय ते.

२९ एप्रिल

आज जोतिराम आण्णांना घेऊन आला. जोतिराम माझा धाकटा भाऊ, आण्णा आमचे वडील. सांगोल्याकडच्या आमच्या गावात मेंढरं आता तोच बघतो. दारातच म्हणाला, “आक्का, ऱ्हाऊ देत तुज्याकडं थोडं दिस. कंबर धरलीया म्हणत्यात. मेंढरामागं चालवंना झालंय.”

“चालवंना कसं?” आण्णा म्हणाले. “ह्येचं काय ऐकतीस तू!” आणि भवानी पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत भिंतीला हात लावत लावत खाली बसले.

बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि यांच्या अंगावर घोंगडी. म्हटलं, आण्णा, उकडत नाही का? म्हणे, “घोंगडं ऊनबी आडवतंय आन् थंडीबी.” 

सत्तरी कधीच ओलांडली, पण या माणसाला दवाखान्याची पायरी चढताना मी कधी पाहिलं नाही. ते आले म्हणून मला फार बरं वाटलं. घरी कुणी आपली वाट बघत असतं, हे मी विसरूनच गेले होते.

६ मे

कामगारांशी तुलना करायला निरोगी माणसं हवीत, आणि ती कापसाच्या धुळीत न वावरलेली. या गावात असा म्हातारा शोधून दाखवा! ज्याच्या घरी माग नव्हता त्याच्या शेजारी होता. शेवटी प्रत्येक नवी प्रयोगशाळा करते तेच मी केलं, घरची माणसं गोळा केली. माझी विद्यार्थिनी दाक्षायणी, तिचे अक्कलकोटचे नातेवाईक, मी स्वतः आणि आण्णा. उभा जन्म उघड्या माळावर काढलेला माणूस, याच्याहून चांगला नमुना कुठून आणायचा? प्रत्येकाला एक क्रमांक दिला, कुणाचा कोणता ते फक्त मला माहीत. आण्णा ‘के-४’. दर महिन्याला एकदा रक्त द्यायचं.

बाहेरच्या बाकावर ऊन होतं म्हणून आण्णांना आतल्या खोलीत बसवलं. तिथे एसी, म्हणून ते घोंगडीत गुरफटून बसले. रक्तदाब उत्तम, साखर उत्तम. हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, पण या वयात तेवढं चालतं.

“माणूस आजारी पडणार त्ये ह्या मशीनला आदीच कळतंय व्हय?”

“कळावं असा प्रयत्न आहे.”

“मंग माजं काय असलं तर सांग म्हणावं तिला.”

म्हटलं, तुमच्या रक्तात तिला काही सापडायचं नाही, कंटाळून झोपेल बिचारी. एकदम खूश झाले. घरी येताना रिक्षात तेच दोनदा बोलून दाखवलं.

१४ मे

घात झाला. पहिल्याच तुकडीत मेंढी सापडली.

केस, नखं, लोकर हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं. एखादा धागा नमुन्यात पडला की मशीन त्याचंही वजन करत बसतं. जर्मनीत आम्ही स्वेटर बाहेरच्या खुंटीला टांगून आत जायचो. इथे मला धास्ती नव्हती, कारण कापूस हे प्रथिनच नाही, तो कितीही उडाला तरी मशीनला दिसत नाही. आणि चोर निघाला घरचाच! सगळ्या नमुन्यांत मेंढीचं केराटिन, के-४ मध्ये तर खच्चून.

धनगराची पोर एवढ्या मोठ्या मशीनवर बसली आणि पहिल्या झटक्यात काय शोधलं, तर मेंढरू. कुणी हसलं नाही. मीच हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१५ मे

आण्णांना सांगितलं. त्यांना हसू आवरेना. “म्हंजे माज्या रगतात मेंढरू हाय म्हण की!” शेजारच्या मावशींनाही सांगून आले.

मग मी मुद्द्यावर आले. घोंगडी घरातही नको, कारण तिचे केस माझ्या कपड्यांवरून प्रयोगशाळेत जातात. रोज सकाळी चिकटपट्टी घेऊन मी बाह्या साफ करते, तरी दोन-चार राहतातच. घोंगडीची घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि माळ्यावर टाकली. त्यांना नवी कोरी सोलापुरी चादर दिली. त्यांनी ती बोटांत धरून पाहिली.

“मशीनला चालत न्हाय तर ऱ्हाऊ दे की,” म्हणाले.

९ जून

जूनची तुकडी. मेंढीचं केराटिन साफ गेलं. शाब्बास, विजयमाला!

फक्त के-४ मध्ये काही तुकडे अजून आहेत. मशीन वजन नीट सांगतं, पण ते माणसाच्या कोणत्याच माहीत असलेल्या प्रथिनाशी जुळत नाही. माणसाचं नाही म्हणजे बाहेरून आलेलं. आमच्या दख्खनी मेंढीची प्रथिनं अजून कुणी पुरती नोंदवलेली नाहीत, तेव्हा हे तिचंच असणार. आण्णांच्या कातडीत जन्मभराची लोकर मुरलीय, ती एका महिन्यात थोडीच जाणार! के-४ मध्ये अँटिबॉडीही जरा वाढल्यात. अँटिबॉडी म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं. काहीतरी सर्दी-पडसं झालं असेल.

ते अनोळखी तुकडे मी मेंढीच्या नावावर टाकले.

आण्णा तांब्यामागून तांब्या पाणी पितात. सोलापूरचा उन्हाळा त्यांना बाधला. गावाकडची हवा वेगळी.

१९ जून

खात्री करावी म्हणून घोंगडीचा एक पुंजका काढून मशीनवर लावला. केराटिन भरभरून आलं, पण ते अनोळखी तुकडे त्यात नाहीत.

म्हणजे काय? दिवसभर डोकं भणभणत होतं. मग लक्षात आलं की ही घोंगडी जुनी, कितीदा धुतलेली. आण्णांच्या अंगाला तर जिवंत मेंढरांचं सगळंच लागलेलं, घाम, चरबी, लाळ. घोंगडीत नसलेलं त्यांच्या अंगावर असू शकतं. पटण्यासारखं आहे. मला नव्वद टक्के पटलंय.

७ जुलै

बाथरूममध्ये रोज फेस दिसतो. आण्णा कपड्यांची पावडर सांडतात वाटतं. विचारलं तर म्हणाले, “मी कशाला हात लावतोय पावडरीला?” या वयात कबूल करायला लाज वाटत असेल. मी विषय वाढवला नाही, डबा वरच्या फळीवर ठेवला.

जुलैचं रक्त काढताना त्यांना दोन वेळा आंघोळ करायला लावली, नवा सदरा घातला, डोक्याला टोपी. बिचारे नवरदेवासारखे सगळं करून घेत होते. आणि तरीही के-४ मध्ये ते तुकडे आहेतच. उलट वाढलेत.

एक कल्पना सुचली आणि मी उडालेच. दख्खनी मेंढीच्या प्रथिनांवर स्वतंत्र निबंध! जगात कुणी केलेला नाही. ज्याने नाचक्की केली तेच आता नाव काढणार. आनंदाने आण्णांना सांगितलं तर म्हणाले, “माजं नाव घालशील का त्यात?” घालेन म्हटलं. अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. माझ्या हातच्या भाकरीला ते आजवर नावं ठेवत आलेत, आता न बोलता ठेवतात.

२२ जुलै

दाक्षायणी आकडे घेऊन आली. मुलगी गुणी आहे, पण घाबरट. “मॅडम, के-४ च्या माणसाला एकदा कळवायचं का? कुणाच्या रक्तात काही वेगळं दिसलं तर कळवायचं, असं आपणच लिहून दिलंय ना?”

मी म्हटलं, के-४ ला मी चांगली ओळखते. ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा जास्त जगेल.

“तसं नाही मॅडम, अँटिबॉडीपण...”

“दाक्षायणी, ती लोकर आहे.”

गप्प झाली. मी जरा चढ्या आवाजात बोलले, ते मला आवडलं नाही.

एक गोष्ट मात्र मलाही खुपते, इथे लिहायला हरकत नाही. बाहेरून पडलेली लोकर कधी कमी दिसेल, कधी जास्त. ही दर महिन्याला वाढतेच आहे. घोंगडी माळ्यावर, अंगावर नवा सदरा, मग ही येते कुठून? लोकर काय पेरली की उगवते?

सप्टेंबरात काम तपासायला दिल्लीची समिती येणार आहे. एका नमुन्यापायी सगळा आलेख गढूळ दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये गाळणी लावली. ते तुकडे दिसले की आपोआप वगळायचे. दहा मिनिटांचं काम, आणि सगळं कसं स्वच्छ दिसायला लागलं.

१२ ऑगस्ट

ऑगस्टचं रक्त झालं. के-४ गाळणीतून एकदम नितळ. मूळ आकडे उघडले नाहीत, वेळ कुणाला आहे!

आण्णांना महिन्यात दुसऱ्यांदा ताप. गोळी दिली की उतरतो. काल संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. मी बोलत बोलत पुढे गेले आणि वळून पाहिलं तर ते फार मागे, कठड्याला धरून उभे. ज्या माणसामागे लहानपणी मला पळावं लागायचं, त्याच्यासाठी मी थांबले होते. जवळ येऊन म्हणाले, “तळ्यातलं मासं बघत हुतो.”

पावसाळी गारठा आहे. दोन चादरी घेऊनही त्यांना हुडहुडी भरते. आज भीत भीत विचारलं, “माले, घोंगडं काडू का गं खाली?”

“समिती येऊन जाऊ दे आण्णा. एवढे दिवस काढले, अजून थोडे.”

“व्हय व्हय. तुजं काम मोटं.”

२ सप्टेंबर

जिंकलो! समितीचे अध्यक्ष म्हणाले, इतके स्वच्छ निरोगी नमुने त्यांनी मोठ्या संस्थांतही पाहिले नाहीत. पुढच्या टप्प्याला मंजुरी. पडद्यावर ‘माणूस आजारी पडायच्या आधी...’ हे माझं वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या.

पेढे घेऊन घरी आले. आण्णांनी एक हातात धरला. “लई झाक झालं,” म्हणाले. पेढा बराच वेळ हातातच होता. मी अभिनंदनाचे फोन घेत होते.

९ सप्टेंबर

दुपारी शेजारच्या मावशींचा फोन आला. आण्णा स्टुलावर चढून माळ्यावरून घोंगडी काढत होते. पडले नाहीत. मावशी शपथेवर सांगतात, ते पडले नाहीत. वर हात करून पिशवी ओढली आणि पाठीत काडकन आवाज झाला. कसेबसे खाली उतरले ते उठलेच नाहीत.

घोंगडीचं वजन ते किती? एकेकाळी हा माणूस अख्खा मेंढा खांद्यावर घ्यायचा.

समिती येऊन गेल्यावर मीच काढून देणार होते. विसरले.

१० सप्टेंबर

खाजगी दवाखान्यात ठेवलंय. पाठीचा मणका दबलाय. हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीपाशी धरून दाखवला. हाडांत जागोजागी गोल भोकं, किडलेल्या लाकडासारखी.

डॉक्टरांनी विचारलं, वजन उतरलंय? तहान फार लागते? वरचेवर ताप? लघवीला फेस येतो?

मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. फेसालाही. पावडरीचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला होता.

“तुम्ही त्याच क्षेत्रातल्या ना?” डॉक्टर म्हणाले. “रक्तातली प्रथिनं तपासायला पाठवतोय. मला काय वाटतंय ते तुम्हाला कळलंच असेल.”

११ सप्टेंबर

सकाळी प्रयोगशाळेत गेले आणि गाळणी काढली.

मग तो तुकडा सॉफ्टवेअरवर न सोडता स्वतः वाचला, एकेक वजन लावत, विद्यार्थिदशेत करायचे तसा. मेंढीचा नाही. अँटिबॉडीचा आहे. निरोगी शरीर हजारो तऱ्हांच्या अँटिबॉडी बनवतं. हाडाच्या मगजातली एखादी पेशी माजली की एकाच साच्याची रास पाडत सुटते. प्रत्येक रोग्यात तो साचा त्याचा स्वतःचा असतो, दुसऱ्या कुणाशी जुळत नाही. म्हणून तर ओळख पटत नव्हती. माणसाचं नाही असं मी म्हटलं होतं. ते माणसाचंच होतं, एकाच माणसाचं.

मे, जून, जुलै, ऑगस्ट. चार रेघा, प्रत्येक आधीपेक्षा उंच. मेमध्ये ती केराटिनच्या गर्दीत होती, इवलीशी, पण स्पष्ट. मला हवा होता तसा निकाल मशीनने पहिल्याच तुकडीत दिला होता. रोग दिसायच्या आधी रक्तातली खूण. जन्मभर मी याचीच वाट बघितली.

दाक्षायणी मागे येऊन उभी राहिली. पडद्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “मॅडम, के-४ कोण?”

“माझे वडील.”

ती माझ्याजवळ बसून राहिली. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल आणि मला ते ऐकावं लागेल. 

१२ सप्टेंबर

अहवाल आला. मल्टिपल मायलोमा, हाडाच्या मगजाचा कॅन्सर. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. उपचार उद्या सुरू होतील. मी विचारलं, मेमध्ये तुमच्याकडे आणलं असतं तर? डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी उत्तर दिलं नाही. वडिलांना उठवता-बसवताना हादरे बसू देऊ नका, एवढंच म्हणाले.

जोतिराम गावाहून आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात तो दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, “तुज्याकडं मशीन हाय म्हणून आणलं हुतं गं आक्का मी त्यास्नी.” आणि खाली निघून गेला.

आण्णा जागे होते. चेहरा एवढासा झालाय. दवाखान्याच्या पातळ पांढऱ्या चादरीखाली त्यांचे पाय थरथरत होते.

“काय म्हणतंय तुजं मशीन?”

खोटं बोलायचं ठरवून आत गेले होते. जमलं नाही. “ते मेपासून सांगत होतं, आण्णा. मीच ऐकलं नाही. मला वाटलं, घोंगडीची लोकर आहे.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, “म्हंजे मेंढरू न्हवतंच रगतात?”

“नव्हतं.”

“घोंगड्याचा काय दोष न्हवता?”

“नाही आण्णा. काहीच नव्हता.”

मग माझ्याकडे मान वळवून, ऑगस्टात विचारलं होतं तशाच भीत भीत आवाजात म्हणाले, “मंग आता पांगरलं तर चालंल न्हवं?”

जोतिरामने माझ्या घरून घोंगडी आणून पिशवीसकट खाली गाडीत ठेवली होती. मी जाऊन आणली. नर्स नको म्हणत होती, माझ्याकडे पाहून बाजूला झाली. घडी उलगडून मी घोंगडी त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि कडा दोन्ही बाजूंनी आत खोचल्या. त्यांनी गाल तिच्यावर टेकवला. हळूहळू पायांची थरथर कमी झाली.

माझ्या दोन्ही बाह्या काळ्या केसांनी भरल्या. मी ते झटकले नाहीत.